सॅकमधला नारळ

कळसूबाईच्या चढाईसाठी मी सॅक भरत होतो. गुडघा कुरकुरतो, वरपर्यंत नेईल की नाही याची धास्ती. म्हणून ओझं कमी करता करता टूथब्रशची दांडीसुद्धा निम्मी कापली. तेवढ्यात बायकोने खण आणि भलामोठा नारळ आत ठेवला.

"अगं, वजन!"

"देवीच्या घरी निघालात, माझी ओटी नाही नेणार? तो रेडिओ काढा. तिला काय बातम्या ऐकवणार आहात?"

रेडिओ मुकाट्याने बाहेर आला. सॅक उचलली, तसं नारळातलं पाणी डुचमळलं. इतके दिवस नकाशावर नुसती उंची पाहिली होती. एवढा थोरला डोंगर एकदम कुणाचं तरी घर झाला. मी गुडघ्याला हळूच दटावलं, "नीट चाल रे, पाहुणे आहोत आपण."