अंगठा लागला का?

आमच्या गावच्या उपकेंद्रात एक सिस्टर आहेत. नाव मी कधी विचारलं नाही. टेबलावर त्यांचा टॅब असतो आणि दर पेशंटनंतर त्या त्याची काच रुमालानं पुसतात. कशाला, ते आईला नेलं तेव्हा कळलं.

दवाखान्यात गेलं की आई हात पदराखाली लपवते, कुणाला तपासू देत नाही. पण टॅब दिसताच तिनं रेशन दुकानात लावतात तसा अंगठा काचेवर टेकवला. मला हसू आलं.

"लागला का, बाई?"

"लागला की, मावशी. तसाच ऱ्हाऊ द्या." असं म्हणत सिस्टरनी तिची नाडी धरली, मग दंडाला बीपीचा पट्टाही गुंडाळला. आई अंगठा काचेवर दाबून बसली.

"याला अंगठा लागत नाही ना?" मी हळूच विचारलं.

"न्हाई. पण लोक आपणहून हात तर पुढं करतेत. निस्तं रजिस्टर होतं तवा लई ओढाताण व्हायची."

आईचं बीपी ठीक निघालं. "आता तुमचं बघू," सिस्टर म्हणाल्या. मीही बीपी तपासणं टाळतच आलो होतो. सगळं ठाऊक असून मी काचेवर अंगठा टेकवला.

"लागला," त्या म्हणाल्या आणि माझी नाडी धरली.