पट्टा आईच्या हातात होता

मंडळी, आधीच सांगतो — मी धुळ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ईसीजी, टूडी इकोची मशिनं चालवतो. असले अनुभव सांगणाऱ्यांची आजवर टिंगलच केलीय. त्यामुळे लिहिताना लाज वाटतेय... पण लिहितो.

माझे वडील, नाना, फैजपूरला केळीच्या बागांमध्ये घड कापायला जायचे. त्यांच्या छातीत ठोक्यांची नोंद घेणारी चिप बसवली होती, आणि मनगटाला तिचा जोडीदार पट्टा. दोघांचं बोलणं अंगातूनच चालतं. पट्टा त्याच माणसाच्या कातडीला टेकलेला हवा, नाहीतर काही येत नाही. पट्ट्यात सिम होतं, आकडे थेट माझ्या मोबाइलवर. चार महिने रोज बघायचो. सकाळी कापणीला वाढलेले, दुपारी जेवणानंतर उतरलेले.

त्या मंगळवारी अकराला आकडे थांबले. मी घरी फोन लावला.

"आई, नानांनी पट्टा काढलाय का?"

"तो त माह्या हातात आहे. केयीच्या चिकानं काया पडतो म्हने. बागेत जाताना काढता ते. मशीन रिकामं नको म्हनून मी घालते."

"रोज?"

"पहिल्या दिसापासून. तू ओरडशीन म्हनून सांगतलं नाही."

मी चक्क हसलो. सुटल्यासारखं वाटलं हो! "अगं, तुझ्या हातात तो कसा चालेल? संध्याकाळी नानांना घाल," म्हणालो आणि फोन ठेवला. समोर पेशंट होता.

मग इतके दिवस नाना बागेत असतानाचे आकडे कुणाचे येत होते — हा साधा प्रश्न माझ्यासारख्या शहाण्याला पडलाच नाही.

दोनला फोन आला. जेवायला बसताना नाना दिसेनात म्हणून मजुरांनी शोधलं, तर ते केळीच्या ओळीत पडलेले... अंग गार. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

नंतर मी चिपमधली नोंद पट्ट्याच्या नोंदीशी ताडून पाहिली. चारही महिन्यांचे ठोके जुळतात, एकूण एक. बाग घरापासून तीन किलोमीटर. कंपनीचा माणूस म्हणाला, शक्यच नाही. मीही लोकांना हेच सांगत आलोय. उत्तर आजही नाही, आणि ते मिळून आता होणार तरी काय...

आईला वाटतं, पट्टा तिच्या हातात होता म्हणून मला कळलं नाही. रोज म्हणते, "मीच घात केला रे बाप्पा." मी मान खाली घालून ऐकतो. ठोके थांबल्याचं मला अकरालाच कळलं होतं, तिच्या हातातल्या पट्ट्यामुळेच. फोन मी ठेवला. हे तिला सांगायची हिंमत माझ्यात नाही.