एक टोला म्हंजे थांबायचं

टन्! एकच टोला पडला, अन् माझा पाय वरच्या वर थांबला.

मी मोरीतनं पळत आल्ते, भांडी तशीच टाकून, हात वले, कोपरापस्तोर साबन. पुढं मामा उंबऱ्यापाशी आडवे पडल्याले, तोंडातनं शब्द न्हाय. फरशीवर सगळीकडं पानी. अन् पलीकडं गोधडीवरनं माझा शंभू, नऊ म्हैन्यांचं लेकरू, गुडघ्यावर रांगत त्या पान्याकडं निघाल्यालं. पानी दिसलं की ते येडंच व्हतंय. अजून एक पाऊल टाकलं असतं तर मी पान्यात. पन टोला पडला. मामांनी पडल्या जागेवरनं हातातली कळशी कोरड्या फरशीवर आपटली, एकदाच. आमच्या घरात एक टोला म्हंजे थांबायचं. का म्हनून इचारायचं न्हाय. आदी थांबायचं, मग खाली बघायचं. मी थांबले. खाली बघितलं. कूलरची वायर पान्यात पडली व्हती, तिचं वरचं कातडं कुरतडल्यालं, अन् आतली तांब्याची तार उघडी चमकत व्हती.

पुढचं सांगते. पन त्याच्या आदी मामा कसे व्हते ते सांगाय पायजे, न्हायतर तुमाला त्यो टोला कळायचा न्हाय. मी आठवीपस्तोर शिकले, मला जुळवून सांगता येत न्हाय, जसं आठवतंय तसं सांगते.

मामा म्हंजे माझे सासरे. आता ते न्हाईत. वेळापूरचे, उभा जल्म येस्टीत डायवर. सासूबाई गेल्यावर ह्यांनी त्यांना सोलापुरात आनलं, सात रस्ता चौकाच्या मागं आमच्या दोन खोल्या हायत तितं. ह्ये अन् माझी थोरली लेक पिहू त्यांना तात्या म्हनायचे, मी मामा. मी करकंबची, मला शेरात सगळ्याचंच भ्या. रस्ता वलांडायचं भ्या, मिक्सर फिरला की भ्या, शंभू झोपला की श्वास चाललाय का म्हनून त्याच्या नाकापुढं बोट धरून बसायची. मामांनी ते बघितलं, पन हसले न्हाईत. म्हनले, "पोरी, भ्यावं की. भ्यालेला डायवर गाडी नीट चालवतो. पन भिऊन डोळं झाकायचं न्हाय."

मागच्या वर्साला पिहूच्या वाढदिसाला ह्यांनी हॅमस्टर आनला. मुठीएवढा, बदामी रंगाचा, शेपूट नसल्यागत. संगं पिंजरा, पिंजऱ्यात गोल चाक. शेजारच्या पद्माक्कांनी दारातनं बघितलं अन् कपाळावर हात मारला, "अय्यो! लोकं पैसे दिऊन उंदीर घालवतेत, तुमी पैसे दिऊन आनलं?" दिवाबत्तीला ते जागं झालं अन् चाकात पळाय लागलं. मामा खुर्ची घिऊन समोर बसले. टीव्ही लावला तरी मान वळवंनात. शेवटाला म्हनले, "पळतंय पळतंय, अन् कुटंच पोचंना. असली ड्यूटी देवानं कुनाला दिऊ ने." अन् पिंजऱ्याचं दार उघडलं.

मी शंभूला घिऊन कॉटवर चढले. "मामा! आवो चावंल की लेकराला!"

"चावंल की. दात हायत त्याला. तुझी जीभ माझ्या पोराला रोज चावतीय, तुला कोंडली का आमी?"

ह्ये खो खो हसले. मला मेलीला रडू आलं.

मामांनी त्याच्यापुढं शेंगदाने ठेवले. त्यानं एक घेतला, गालात घातला, दुसरा घातला, तिसरा घातला, दोनी गाल टम्म फुगले तरी घालतंयच. मामा मांडीवर थाप मारून म्हनले, "आरं ह्यो तर कंडक्टर हाय! सुट्टं दिलं की बॅगेत, परत मागितलं की न्हाय म्हनतोय!" तवापासनं त्याचं नाव कंडक्टर. पिहूनं फॅन्सी नाव ठिवलं व्हतं कायतरी, ते कुनाच्या ध्यानातबी न्हाय आता.

मोकळं सोडलं, पन मामांनी वाऱ्यावर सोडलं न्हाय. कामाला लागले. फ्रिजच्या मागची फट फळीनं बुजवली. टीव्हीची, फ्रिजची, मोबाईलची, सगळ्या वायरी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी वर भिंतीला बांधल्या. मग आमाला उभं करून नेम सांगितले, जसं नव्या डायवरला सांगत्यात. घरात पाय उचलायचा न्हाय, घासत चालायचं, म्हंजे पाय त्याला ढकलंल, चिरडनार न्हाय. बसायच्या आदी बघायचं, उठायच्या आदी बघायचं. "गाडी हालवायच्या आदी मी खाली वाकून बघायचो. कुत्रं निजल्यालं असतंय, लेकरू चेंडूमागं गेल्यालं असतंय. आदी खाली बघ, मग स्टार्टर मार."

मामा स्वतः खुर्चीवरनं उठताना गुडघ्यावर हात ठिऊन वाकायचे, डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे, मग उठायचे. पाव्हने इचारायचे, "तात्या, काय पडलंय का?" मामा म्हनायचे, "पडलं न्हाय. पडू ने म्हनून बघतोय."

अन् घंटा. येस्टीत कंडक्टर दोरी वडतो ना, एक टोला, शिंगल, म्हंजे थांब; दोन, डबल, म्हंजे चल. मामांच्या खिशात कायम एक चमचा, अन् खुर्चीशेजारी स्टीलचा पेला. आमचा कंडक्टर भाईरच्या खोलीत आला की टन्! ज्यो जितं आसंल तितंच उभा. मग कंडक्टर आपला आरामात, मिशा हालवत, भिंतीच्या कडंनं जायचा. त्यो कपाटाखाली गेला की टन् टन्! मग आमचं परत चालू. एकदा ह्यांना दुकानात जायची घाई, प्यांटीत एक पाय घातल्याला अन् टोला पडला. एका पायावर उभे!

"तात्या, मला उशीर व्हतोय! मालक वरडतोय!"

"शिंगल पडलीय. गाडी हालनार न्हाय."

"आवो, म्या पडंन!"

"पड. पन खाली बघून पड."

पिहू हसून हसून लोळायची. मीबी हसायची, पन माझं ध्यान शंभूवर. एक दिस शंभू फरशीवर पालथा, अन् कंडक्टर नीट त्याच्या हाताकडं निघाला. टोला पडल्याला, मला हालता येईना. मी डोळं गच्च मिटलं. मामा हळूच म्हनले, "डोळं उघड." उघडलं. तर मामा कवाचे खाली बसल्याले, अन् त्यांचा तळहात दोघांच्या मधी फरशीवर उभा धरल्याला, रेल्वे फाटकावानी. कंडक्टरनं हात हुंगला, वळला, गेला. शंभू खिदळला. मामा म्हनले, "मोकळं सोडायचं म्हंजे आपन झोपायचं असं न्हाय. कोंडल्यालं सांभाळायला काय अक्कल लागत न्हाय. मोकळं सांभाळाय लागतीय."

मग ह्यांच्या बुटात शेंगदाने निघाले, माझ्या पिठाच्या डब्यामागं ज्वारी निघाली, मामांच्या जुन्या टोपीत कंडक्टर दिसभर निजाय लागला. अन् मी पाय घासत चालायला शिकले. कवा शिकले ते कळलंच न्हाय.

पुढं उन्हाळा लागला. सोलापूरचा उन्हाळा तुमाला काय सांगू, भिंतीला हात लावला तर पोळतोय. मामांनी माळ्यावरनं पत्र्याचा कूलर काढला, पुसला, दारापाशी लावला. त्याची वायर तेवढी खालीच राहिली, बटन बंद व्हतं म्हनून. दोन-चार दिस तशीच. बाकी सगळ्या वायरी वर, ह्यी एक खाली. त्या दुपारी बटन लावलं अन् चालू कूलरमधीच मामा कळशीनं पानी वताय लागले. पत्र्याला हात लागला. मी मोरीत भांडी घासत व्हते, धप्पकन आवाज आला.

तर ती कळशी, त्यो टोला.

मी थांबले, खाली बघितलं, वायर दिसली. बटनाचा बोर्ड माझ्या हाताशी, पन हात वले. माझ्या पायाशीच मामांची रबरी चप्पल पडली व्हती, ती पायात न घालता हातात घेतली अन् चपलेनं बटन मारलं. कूलरचा पंखा घरघरत थांबला. तरीबी माझा पाय उचलंना. अन् मग आवाज आला, लई बारीक, कळशीवर बोटातली अंगठी मारल्यागत. टन् टन्. मग मी पळाले. शंभूचं बोट पान्यात बुडल्यालं, त्यो हसत व्हता.

मामांना दवाखान्यात न्हेलं, रातभर ठिवलं, दुसऱ्या दिशी सोडलं. हात भाजला व्हता. ह्यांनी वायर हातात घेतली, दातांच्या खुना बघितल्या.

"तात्या, ह्यो उंदीर आजच्या आज घराभाईर."

मामा कॉटवर पडूनच म्हनले, "चूक डायवरची."

"कसली डायवरची! लेकरू मेलं असतं माझं!"

"व्हय. मेलं असतं. तुझी बायकोबी. म्हनून तर सांगतोय. रस्त्यावर जनावर येनारच. वायर खाली कुनी सोडली? म्या. माझी चूक त्याच्यावर ढकलू नगंस."

ह्यांनी ऐकलं न्हाय. कंडक्टरला पिंजऱ्यात घातलं अन् दाराला तार गुंडाळली. कंडक्टर गज चावत बसला, कडकड, कडकड. मी पाय उचलून चालले, खरं सांगते, बरं वाटलं. पन मामा भाजल्याला हात छातीशी धरून तसेच पाय घासत चालायचे. उठताना तसेच खाली वाकून बघायचे. खाली काय नसायचं. दोघं बापलेक एकमेकाशी बोलनात. आठवडाभरानं मामांनी पिशवी भरली. "मी वेळापूरला जातो. ह्याला न्हेतो संगं. तितं खोली हाय, वायर एकच हाय."

ह्ये म्हनले, "जावा."

स्टँडवर आमी सगळे गेलो. वेळापूरवरनं जानारी अकलूज गाडी लागली व्हती. मामा चढले, कंडक्टर सदऱ्याच्या खिशात. पिहू रडून रडून लाल. ह्ये दुसरीकडं बघत उभे, डोळं पुसत व्हते, मला दिसलं. मी शंभूला काखंत घिऊन खिडकीत बघत व्हते, अन् मामा शिटाशी उभे राहिले, गुडघ्यावर हात ठिवला, वाकले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग बसले.

मनात आलं, कंडक्टर मोकळा नसता तर वायर कुरतडली नसती, ह्ये खरं. पन कंडक्टर मोकळा नसता तर कूलर न्हाय, दुसरं कायतरी झालं असतं एक दिस, गॅस न्हायतर मिक्सर न्हायतर रस्ता, अन् मी डोळं मिटून पळाले असते. थांबायचं मला कुनी शिकवलं? वायर कुरतडनारं अन् थांबाय शिकवनारं, ती दोनी एकाच टोपीतली. एक ठिवून एक टाकता येईना.

डबल पडली. गाडी हालली.

मी शंभूला ह्यांच्या हातात कोंबलं अन् पळाले. मी, जी सात रस्ता अजूनबी पिहूचा हात धरून वलांडती. गाडीच्या पत्र्यावर पंजा मारला, जीव खाऊन. एकदाच. धाड!

ब्रेक लागला. सगळी गाडी खिडकीत. कंडक्टर, म्हंजे येस्टीचा, दारातनं वरडला, "ओ बाई! मरायचंय का?"

मामांनी खिडकीतनं तोंड काढलं. "काय गं पोरी?"

भ्याले व्हते, पन डोळं उघडं व्हतं. म्हनलं, "शिंगल पडलीय मामा. उतरा."

मामांनी माझ्याकडं बघितलं न्हाय, माझ्या मागं त्यांच्या पोराकडं बघितलं. ह्ये शंभूला खांद्यावर घिऊन पुढं आले अन् पिशवी धरायला हात वर केला.

कूलरची वायर मामांनी त्याच दिशी पायपात घालून भिंतीला ठोकली. पुढं दिवाळीपस्तोर मामा आमच्यात व्हते. दिवाळी झाली अन् झोपेतच गेले. डाक्टर म्हनले वय झालं व्हतं, करंटच्या शाकचा संबंध न्हाय. पन नणंद आली की ऐकवती, "वैनी, तवाच जाऊ दिलं असतंस तर तात्या गावाकडं अजून जगले असते. उंदरासाठी म्हातारा घालवलास." भावकीतबी हेच चाललंय, कंडक्टरला अजून कोंड म्हनत्यात.

म्हनू द्या. मी कोंडनार न्हाय. कंडक्टर आता म्हातारा झालाय, हळू चालतोय, तरी दिवाबत्तीला ड्यूटीवर येतोय. चमचा आता माझ्या कंबरंला खोचल्याला असतोय. ह्ये रात्री पान्याला उठले की अंधारात पाय घासल्याचा आवाज येतोय, मी ऐकती. शंभू चालाय लागलाय, त्याला कुनी शिकवलं न्हाय, पन त्यो पायच उचलत न्हाय.

तरी नणंद येऊन गेली की ती गाडी माझ्या डोळ्यापुढं हालती. एका डोळ्यात ती कुरतडल्याली वायर, दुसऱ्यात ती कळशी, काखंत लेकरू, नवरा दुसरीकडं बघतोय, अन् खिडकीत म्हातारा खाली वाकून बघतोय. डबल पडलीय. सांगा तुमी, माझ्या जागेवर तुमी काय केलं असतं?