चार अर्ज आणि आठची बस

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी सांगत फिरते आणि फिरणारच. गावातून सकाळी आठला सुटणाऱ्या बसमध्ये तीन वर्षं उभी राहून ती मी मिळवली आहे. मी बी.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी ती बस बंद झाली.

तेव्हा लहान बहिणीची बारावी होती. तिचा निकाल आणि लोकसभेचा निकाल थोड्याच दिवसांच्या अंतराने लागले. ती पहिल्या वर्गात आली. दिल्लीत कोणीच काठावरही पास झालं नाही. मग तिथे ज्याला त्याला दुसऱ्याचे मार्क उसने घ्यावे लागले.

मायनं मात्र आपला निकाल एका दमात सांगितला. "बस सुरू झाली तं जा कॉलेजात. त्या कोंबलेल्या ऑटोत मी पोरगी धाडणार नाही. दिवाळीपर्यंत पाहीन, मंग लोहाऱ्याच्या पाहुण्यायले बलावीन."

लोहारा गावाहून बहिणीला स्थळ आलं होतं, मुलगा कारखान्यात होता. बहिणीने बाभुळगावच्या कॉलेजात नाव घालून ठेवलं होतं, हजेरी शून्य.

आमच्याकडे सरकारजवळ काही मागायचं तर सरळ मागत नाहीत. अर्जावर 'मार्फत' लिहून खाली एखाद्या नेत्याचं नाव घालतात. बिना मार्फतचा अर्ज म्हणजे बिना नवरदेवाची वरात. गावात कागद लिहिणारी मीच, म्हणून बसच्या अर्जासाठी सरपंचकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले.

पहिला अर्ज नव्या खासदारांच्या मार्फत. बी.ए.चं सगळं मराठी मी त्यात ओतलं. 'आपल्या कणखर नेतृत्वाच्या छायेत' होतं, 'विकासाची गंगा' होती, आणि एक झणझणीत वाक्य होतं, 'विरोधकांनी आमचे गाव जाणूनबुजून अंधारात ठेवले.' काकांनी ते दोनदा वाचायला लावलं. अर्ज डेपोत गेला.

पंधरा दिवसांत खासदारांचा पक्ष त्याच विरोधकांच्या सरकारला टेकू द्यायला गेला. तालुक्याचा कार्यकर्ता मोटारसायकल दामटत आला.

"ताई, नवा अर्ज लिहा. ते 'विरोधकांनी' काढा लागते. ते आता आपले मित्र हायेत."

"मंग अंधारात कोणं ठेवलं?"

"निसर्गानं लिहा ना!"

दुसऱ्या अर्जात निसर्ग आला. तो डेपोत पोचतो न पोचतो तोच पक्ष फुटला. खासदार एका गटात, हा कार्यकर्ता दुसऱ्या गटात, आणि दोन्ही गट सरकारात. तिसरा अर्ज दुसऱ्या गटाच्या नेत्यामार्फत गेला. मग तो गट रुसून बाहेर पडला आणि आठ दिवसांनी मंत्रिपद घेऊन परत आला. सरपंचकाका तर रोज संध्याकाळी मोबाइल पुढे करून मला विचारायचे, "पाय बरं बाई, आज सरकार कोणाचं हाय?"

"सकाळचं सांगू का आत्ताचं?"

चौथ्या वेळी मी हुशार झाले. मार्फतच्या पुढची जागा कोरी ठेवली. ज्या दिवशी जो असेल त्याला तिथे बसवता येईल.

दिवाळीला थोडे दिवस उरले होते. मायनं ओटा सारवून ठेवला होता. पाहुण्यांसाठी, हे कोणी सांगायला नको. बहिणीने तो चौथा अर्ज माझ्या हातातून घेतला. दोन्ही पानं वाचली.

"ताई, भारी लिहलं वं. पण बस किती वाजता पायजे, ते कुठी हाय?"

मी पान उलटलं. नव्हतं. आधीच्या तिन्हींच्या प्रती काढल्या. त्यांतही नव्हतं. गंगा होती, छाया होती, निसर्ग होता. आठ वाजता एका पोरीला बाभुळगावला जायचं आहे, हे चारही अर्जांत कुठेच नव्हतं. मला आधी तिचाच राग आला. लाज नंतर वाटली.

तिने वहीचं पान फाडलं. सकाळी आठ, बाभुळगाव, कॉलेज साडेआठचं. खाली गावातल्या नऊ मुलींच्या सह्या. संपला अर्ज. दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीवर बसून आम्ही दोघी डेपोत गेलो.

तिथल्या साहेबांनी कपाट उघडून आमचे तिन्ही अर्ज काढले. "तुमच्या गावात लिहितं कोण हो? काय भाषा आहे! पण बाई, गाडी सोडू कधी आणि नेऊ कुठं, ते काही कळत नाही." मग त्यांनी वहीचं पान पाहिलं. "हा कोणाच्या मार्फत?"

"माह्या मार्फत जी," बहीण म्हणाली.

पुढच्या सोमवारी बस आली. दोन्ही गटांचे दोन फ्लेक्स तिच्या आधी आले होते, 'अथक प्रयत्नांना यश'. दोघांनी आपापला नारळ आणला होता, आणि आधी कोणी फोडायचा यावर वाद पेटला. मी माझ्या चार अर्जांचं कोणी नाव घेतं का म्हणून तिथेच घुटमळत होते. मुली कधीच आत जाऊन बसल्या होत्या. आठ वाजून दहा मिनिटं झाली.

खिडकीतून बहिणीचा आवाज आला. "ड्रायव्हरकाका, घ्या ना जी गाडी! साडेआठले पयला तास हाय."

ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि फीत तोडत बस निघाली. नारळ मागे धुळीत फुटले, दोन्ही एकदमच.

मायनं त्यातलं अर्धं खोबरं चटणीला उचललं आणि घरी येऊन लोहाऱ्याला फोन लावला. "येऊ नोका जी आता. पोरगी घरी नाही सापडत."