पूर्वेकडील द्वार

जेवण झाले की गंगू काकी आपल्या खोलीच्या दारात बसायची आणि आज काय जेवली ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते दार खळ्यात उघडायचे. खळे म्हणजे आमच्याकडे घरापुढचे अंगण, आणि आमच्या खळ्याच्या कडेने गावाची पायवाट. मासेवाली असो, पोस्टमन असो, काकी कोणाला सोडत नसे. कढी पाणचट झाली असली तर तेही सांगायची. सकाळच्या पेजेला उशीर झाला की वाटेवरच्या माणसाला थांबवून म्हणायची, "दहा वाजान गेले, माझी पेज अजून येवची आसा."

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर धामापूरचे. मूलबाळ नाही, काका लवकर गेले. खाडीकाठची माडांची बाग आणि भातशेतीचा एक तुकडा तिच्या नावावर होता. इंग्रज जाऊन आठदहा वर्षे झाली असतील, तेव्हा तिने ते सगळे मला बक्षीसपत्राने दिले. पण असेच नाही. मरेपर्यंत मी तिला सांभाळायचे, आणि सांभाळले नाही तर बक्षीसपत्र रद्द.

मालवणला कचेरीबाहेर कागद लिहिणाऱ्यासमोर ती मांडी घालून बसली आणि एकेक बोट मोडत सांगू लागली. "पोटभर अन्न लिही. वर्साक दोन लुगडी. डोक्याक तेल. दुखण्याखुपण्याक वखद. पडवेची खोली. आणि त्या खोलयेचा खळ्यातला दार."

"आजीबाई, खोली लिहिली म्हणजे दार आलेच," तो म्हणाला.

"कसा येयत? खोली दिली आणि दार नाय, तर तो कोंडवाडो झालो. लिही."

त्याने हसत लिहिले, पण कचेरीच्या भाषेत. 'सदर खोलीचे पूर्वेकडील द्वार हयातभर निर्वेध वहिवाटीस मोकळे राहील.' वाचून दाखवले आणि सांगितले, हे तुमचे खळ्यातले दार. काकीने अंगठा लावला.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मला तेव्हा एवढेच कळले की बाग आली. सांभाळणे काय, घरात शिजते त्यातले एक ताट, असे वाटले. काकीचे तसे नव्हते. ती मागताना कधी आवाज बारीक करत नसे. "गो शेवंती, ह्या महिन्याचा तेल संपला," असे माजघराच्या उंबऱ्यावर उभी राहून सांगायची. शेवंती म्हणजे माझी बायको. कोणी पाहुणा म्हणाला, काकी, पुतण्याकडे राहता, बरे आहे, तर काकी म्हणायची, "मी त्येच्याकडे रवत नाय. तो माझ्या कागदार रवता." शेवंती तोंडाला पदर लावून हसायची. मी हसत नसे.

एकदा शेवंतीने तिला घावणे करून नेले. काकीने अर्धे परत सरकवले. "हे कागदात नाय. अर्धे तू खा." मग दोघी त्या दारात बसून नारळाच्या रसात बुडवून खात राहिल्या. सासू-सुनाही कोणी तशा बसत नाहीत.

मला मात्र धक्क्यावर होडीची वाट बघताना लोक विचारायचे, "काय रे बाबल, काकीक पेज गावली?" एकाने विचारले की दहा जण हसत. रोज गावत होती पेज. उशीर व्हायचा तो कधीमधी. पण मला ते टोचायला लागले. गावभर माझ्या चुलीची खबर त्या एका दारातून जात होती.

एका पावसाळ्यात काकी त्या दाराच्या पायरीवर घसरली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. मी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला आणि चिरे लावून दार बुजवायला घेतले. निमित्त पडण्याचे, कारण पेजेचे. काकी आत खाटेवर बसून एकेक चिरा चढताना बघत होती.

"बाबल, माझा दार."

"पडशील काकी. आमच्या माजघरातसून ये-जा कर."

"तुझ्या घरातसून कित्या? माका माझा दार आसा. कागदात आसा."

"हाड तो कागद, वाचून दाखवतंय."

तिने पेटाऱ्यातून कागद काढून दिला. मी तो वाचला. एक अक्षर गाळले नाही. पण जमिनीच्या कागदात पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका अशी लांबण असते, आणि त्याच ओघात मी पूर्वेकडील द्वारही भरभर वाचून पुढे गेलो. काकी 'खळ्यातला दार' या शब्दांची वाट बघत होती. वाचून संपले तेव्हा तिने विचारले, "खळ्यातला दार खंय आसा?"

मी म्हणालो, "खळा हो शब्दच नाय ह्यात."

ते खरे होते. शब्द नव्हता.

मी म्हटले, "विश्वास नसला तर शाळेतल्या मास्तरांक दाखव." हे म्हणायचे धैर्य मला कुठून आले, देव जाणे. काकी म्हणाली, "घरच्या माणसान वाचलेला भायल्याक दाखवू? माकाच चुकीचा आठवता, झिला." झिला म्हणजे मुला. त्याआधी तिने मला कधी तसे म्हटले नव्हते.

रात्री शेवंती एवढेच बोलली, "तुम्ही वाचलास बरोबर आणि सांगलास चुकीचा." कागद लिहिला तेव्हा ती काकीच्या शेजारीच बसलेली होती. नवऱ्याला खोटे पाडायचे नाही म्हणून ती काकीपुढे गप्प राहिली. ते ओझेही मीच तिच्यावर घातले. शेवंती जाऊन आता दीड वर्ष झाले. ती असताना हे लिहायला बसायची माझी छाती झाली नाही.

दार गेले आणि काकी बदलली. बाहेर जायचे तर आमच्या माजघरातून जावे लागे, ते तिला परक्याच्या घरातून गेल्यासारखे वाटे. ती जाईनाशी झाली. वर्षभरात पाय गेले. पण पायांचे म्हातारपणावर ढकलता येईल. दुसरे ढकलता येत नाही. तेल संपले की ती आता विचारायची, "तेल कागदात आसा काय रे? का माका उगाच वाटता?" लुगड्याचे तर विचारणेही सोडले. जे मिळेल ते घ्यायची, पेज बारा वाजता आली तरी. आणि मी, खरे सांगतो, त्या शांततेत दोन वर्षे सुखाने जेवलो.

मग ती अंथरुणाला खिळली. एक दिवस शेवंतीने पहार आणून माझ्यापुढे टाकली. मी चिरे काढले. दार मोकळे झाले, खोलीत उजेड आला. मी कागद घेऊन खाटेशी बसलो आणि ती ओळ सावकाश वाचली. सांगितले, "काकी, पूर्वेकडील द्वार म्हणजे तुझा खळ्यातला दार. तुका बरोबर आठवत होता. मी फसवलंय."

काकीने मान हलवली. "नाय रे. तेव्हा तू अख्खो कागद वाचलंस. दार नव्हता." मग माझा हात धरून म्हणाली, "दार तू तुझ्या मनान दिलंस. तां कागदाच्या माथ्यार कित्या घालतंस?"

मी परत वाचले. तिसऱ्यांदा वाचले. ती हसत राहिली, हट्टी पोराकडे बघून हसावे तशी. भेटायला येईल त्याला सांगू लागली, झिलान माका नसलेला दार दिल्यान. आठवडाभरात ती गेली.

बाराव्याला पंगत बसली. जो तो म्हणत होता, पुतण्या असावा तर बाबलसारखा. मास्तर पंगतीत होते, कचेरीत काम केलेले दोघे होते. कागद आतल्या खोलीत होता, आणायला चार पावले लागली असती. मास्तर म्हणाले, "कागदात नसताना दार दिलेस म्हणे." मी त्यांच्या पानावर भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेलो.