तिसऱ्या मशीनवरचा संशय

करुणाला एखादी गोष्ट पहिल्याच फटक्यात जमली की तिच्या कपाळावर आठी पडायची. गॅस एका काडीत पेटला तरी ती वाकून बघणार. सेनगाव तालुक्यातल्या त्यांच्या घराचं वळणच तसं. एका साली दुकानातून आणलेलं सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही, आणि तिचे वडील नरसिंग यांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून बियाणं घरचंच, आणि तेही ओल्या गोणपाटात मूठभर दाणे ठेवून, मोड आलेले बघून मगच पेरायचं. दुकानदार सख्खा मेहुणा असला तरी बाहेरचं बियाणं घरात यायचं नाही.

पुढे इंजिनिअरिंगला तिचा प्रोजेक्ट चांगला झाला, तर सरांनी भर वर्गात विचारलं, हा कुणाकडून करून घेतलास? प्रश्न तिला जिव्हारी लागला. तिथून मात्र ती भलतंच शिकली. लोक आपल्यावर संशय घेतात, तर आपणही कुणाला मोकळं सोडायचं नाही, असा तिने सरळ व्यवहार ठरवला. माणसं दुखावली की अशीच उलटी शहाणी होतात.

हिंगोलीत बसस्थानकामागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. कंपनी पुण्याची, इथे माणसं दोनच. एक करुणा आणि दुसरा तिच्या हाताखालचा स्वप्निल, वसमतकडचा शेतकऱ्याचा पोरगा. वारंगा फाट्यावरच्या हळदीच्या एका मोठ्या गोदामाला आवक-जावक सांभाळणारा प्रोग्राम द्यायचा होता. तो एकाच मशीनवर ठेवला आणि ते बंद पडलं तर गोदाम ठप्प. म्हणून प्रोग्रामचे तुकडे करून, प्रत्येकाला लागणारं सामान त्याच्यासोबतच बांधून, डबा भरल्यासारखे कंटेनर करायचे आणि ते तीन मशीनच्या जुडग्यावर, म्हणजे क्लस्टरवर चालवायचे. एक मशीन बसलं तर दुसरं त्याचे डबे उचलतं.

करुणाचं काम असं की एक कमांड दिली की तीन कोऱ्या मशीनवर सगळं आपोआप चढावं आणि क्लस्टर उभा राहावा. त्यासाठी तिने स्क्रिप्ट लिहिली होती. अट एकच, कंटेनर चालवणारं पॅकेज तिन्हीकडे ठरलेल्या एकाच आवृत्तीचं पाहिजे. एकीकडे नवं, एकीकडे जुनं झालं की मशीन एकमेकांशी जुळत नाहीत.

मशीन कोरं करायला स्वप्निलने एक बेस, म्हणजे मशीनवर लागणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा साचा, तयार केला होता. कोरं करायचं म्हणजे तो बेस पुन्हा चढवायचा. ठरलेलं पॅकेज त्यात आधीच घातलेलं होतं. देताना तो म्हणाला, "ताई, फालतूच्या सर्व्हिस बंद करून टाकल्यात मी. तुमी डोळे झाकून वापरा."

हे तो दुसऱ्या कुणाला म्हणाला असता तर चाललं असतं. करुणाच्या मनात लगेच पाल चुकचुकली. सर्व्हिस म्हणजे मशीनमध्ये मागच्या मागे आपोआप चालणारी कामं. त्यातल्या फालतूच्या म्हणजे कोणत्या? याने अजून काय काय बंद केलं असेल? विचारायला तोंड होतं, पण संशयी माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो. तिने दोन मशीनवर त्याचा बेस चढवला आणि तिसऱ्यासाठी पहिल्यापासून सगळं घालून स्वतःचा वेगळा बेस केला. एक तरी घरचं असू द्यावं, एवढाच त्यातला विचार.

संध्याकाळी तिन्ही मशीन कोरी करायची, सकाळी स्क्रिप्ट चालवायची, असा क्रम सुरू झाला. पहिल्याच सकाळी काम तिसऱ्या मशीनवर अडलं. तिथे पॅकेज पुढच्या आवृत्तीचं निघालं. स्क्रिप्ट ठरलेलं जुनं बसवायला गेली तर मशीनने साफ नकार दिला. नव्यावरून जुन्यावर मी आपणहून येणार नाही, असा त्याचा हेका. संध्याकाळी तर तिने स्वतः ठरलेली आवृत्ती पाहिली होती. तिने मशीन पुन्हा कोरं केलं. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळी तेच.

रात्रीतून पॅकेज बदलतंय, म्हणजे कुणीतरी बदलतंय. पासवर्ड दोघांकडे. ती तर रात्री घरी असायची.

मग तिला स्वप्निलच्या एकेक गोष्टी दिसू लागल्या. तो तिच्या आधी येतो काहून? ती जवळ गेली की स्क्रीनवरची खिडकी मिटवतो काहून? फोन आला की गॅलरीत जाऊन कुजबुजतो. कुणाशी? गोदामाचं काम मिळवायला टपलेली नांदेडची एक कंपनी होती, करुणाने तिथवर धागा नेऊन बांधला. खरं तर पोराचा नुकताच साखरपुडा झालेला, आणि होणाऱ्या बायकोशी, प्रियंकाशी, बोलायला गॅलरीइतकी चांगली जागा अख्ख्या ऑफिसात नव्हती. पण संशयाला पुरावा लागत नाही, फुरसत लागते.

तिने पुण्याला, दोघांच्या वरिष्ठ ऐश्वर्या मॅडमना फोन लावला आणि मशीनला कुणीतरी हात लावतंय असं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "कोण?" करुणाने स्वप्निलचं नाव घेतलं. त्याच दुपारी स्वप्निलचा पासवर्ड बंद झाला, आणि चौकशी होईपर्यंत घरी बस, असं त्याला फोनवर सांगण्यात आलं. गोष्ट खरी निघाली तर त्याची नोकरी जाणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. "ताई, मी काय केलं?" एवढंच त्याने विचारलं. चौकशीत कळेल, असं ती म्हणाली. तो गेल्यावर तिने ड्रॉवरची कडी ओढून पाहिली.

आणि खरंच, दुसऱ्या सकाळी स्क्रिप्ट एका दमात पार झाली. क्लस्टर उभा. त्याच्या पुढच्या सकाळीही उभा. स्वप्निल गेला त्या संध्याकाळपासून ऑफिसचं इंटरनेट नव्हतं, बाहेर रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली होती. तिचं काही अडलं नाही, कारण लागणारी सगळी पॅकेजं तिने आधीच ऑफिसातल्या डिस्कवर उतरवून ठेवली होती. चोर गेला, चोरी थांबली, असं तिने मॅडमना कळवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच पहिल्या फटक्यात जमलेल्या गोष्टीवर तिच्या कपाळाला आठी पडली नाही. पडायला हवी होती.

केबल जोडली गेली आणि सकाळी तिसरं मशीन पुन्हा अडून बसलं. पॅकेज पुन्हा नवं.

करुणा खुर्चीत बसून राहिली. किल्ली तिच्या पर्समध्ये, पासवर्ड एकट्या तिच्याकडे, आणि पोरगा वसमतला. मग बदललं काय? बदललं होतं फक्त इंटरनेट. तिने मशीन कोरं करून त्याची वायर काढून ठेवली. सकाळी पॅकेज जुनंच. वायर लावून ठेवली. सकाळी नवं. मग तिने दोन्ही बेस शेजारी उघडले आणि एकेक सर्व्हिस ताडून पाहिली. तिने घरचा म्हणून केलेल्या बेसमध्ये आपोआप अपडेट करणारी सर्व्हिस चालू होती. माणूस घरी गेला की ती इंटरनेटवरून नवी आवृत्ती आणून बसवत होती. स्वप्निलच्या बेसमध्ये ती बंद होती. फालतूची म्हणून त्याने जी बंद केली होती ती हीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात; इथे वळसा घालताना एक माणूस पायाखाली आला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने पंखा बंद केला आणि तशीच घामात बसली.

मॅडमना खरं सांगायला फार वेळ लागला नाही. "अरे देवा. बोलवून घे मग त्याला," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मॅडमपुरता तो विषय तिथे मिटला.

करुणाने फोन केला नाही. ती वसमतच्या एसटीत बसली आणि पुढे ऑटोने त्याच्या गावी गेली. स्वप्निल खळ्यावर शिजवलेली हळद पसरत होता. त्याची आई चतुराबाई पदर सावरत पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "लेकराला सुट्टी दिली, लई बरं केलं बाई तुमी. हळदीचं समदं काम त्यानंच उरकलं बघा."

करुणाने स्वप्निलकडे पाहिलं. त्याने नजरेनेच गप्प राहायला सांगितलं आणि आई चहा ठेवायला आत गेल्यावर तिला बांधापर्यंत नेलं. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. चूक तुझी नव्हती, माझ्या बेसची होती, माझीच होती, माफ कर, असं ती म्हणाली.

तो पिवळ्या झालेल्या हातांकडे बघत होता. "म्हंजे मी चोर न्हाई हे मशीननं सांगितल्यावर पटलं तुमाला, मॅडम," तो म्हणाला. "मला एकदा इचारलं असतं तर मी बी हेच सांगितलं असतं."

सरांच्या त्या प्रश्नानंतर तीही अशीच मान खाली घालून उभी राहिली होती, हे तिला तिथे बांधावर आठवलं. आत चतुराबाईने हाक मारली. दोघांनी आत जाऊन चहा घेतला.

स्वप्निल सोमवारी कामावर आला. त्याचा बेस तिन्ही मशीनवर चढला, क्लस्टर रोज सकाळी उभा राहू लागला आणि मशीन वारंगा फाट्याला रवाना झाली. तो कामात कसूर करत नाही, हसतो, बोलतो. करुणाने त्याला पासवर्ड दिला, किल्ली दिली, एकट्याने काम कर म्हणून दहादा सांगितलं. पण आजही कोणत्याही मशीनला हात लावायच्या आधी तो तिला बोलावतो, आणि ती येऊन मागे उभी राहीपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहतो.