दादाच्या वहीतला कोरा समास

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी समुद्रपूरच्या शाळेत नववीला पृष्ठफळ शिकवत होते. खडू हातातच राहिला... दीड महिना झाला, पण मन काही थाऱ्यावर येत नाही.

आम्ही अल्लीपूरचे, शेतकऱ्याची पोरं. लहानपणापासून आमचा नेम ठरलेला: दादा गणित सोडवणार, मी तपासणार. वहीचा उजवा समास तो माझ्यासाठी कोरा ठेवी. पायरी पटली तरच मी लाल पेनानं खूण करायची. एकदा तो तापानं फणफणला होता म्हणून मी चुकीच्या पायरीवरही खूण केली, तर गडी दोन दिवस बोलला नाही. "दयेची खूण मले नको," म्हणाला. पुढं तो मोठा गणिती झाला. मी एम.एस्सी.वर थांबले, बाकीचं त्याच्या वह्या तपासतच शिकले.

त्याचा विषय बैजिक पृष्ठभागांचा, म्हणजे समीकरणांतून घडणाऱ्या पृष्ठभागांचा. असा प्रत्येक पृष्ठभाग म्हणजे एका अफाट नकाशावरचा एक ठिपका. पृष्ठभाग जरासा बदलला की ठिपका जरासा सरकतो. दोन पृष्ठभागांची सगळी मापं जुळतात, मग एकाला हळूहळू बदलत दुसऱ्यापर्यंत नेता येईल का? "वाट हाय," दादा म्हणे. निवृत्तीनंतर बोरगाव मेघेच्या घरात बसून तो तेच सिद्ध करत होता.

आजारपणात त्यानं त्या सिद्धतेची वही तपासायला माझ्या हाती दिली. अकराव्या पानावर मी अडले. वाटेत पृष्ठभाग एका जागी चिमटला जात होता. साधा चिमटा त्या नकाशात चालतो. हा त्याहून बिकट होता, चालणारा नव्हता. म्हणजे दादाची वाट नकाशाबाहेरून जात होती! मी पुन्हा पुन्हा पाहिलं. दादा खाटेवरून माझ्या हाताकडं पाहून राह्यला होता.

"काऊन वं, थांबली काऊन?"

मी खूण केली.

"जमलं म्हनाचं मंग," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवसांनी तो गेला.

परवा वहिनींनी वही आणून दिली. "तुम्ही तपासली ना ताई, आता छापाले पाठवून द्या," म्हणाल्या. वही टेबलावर तशीच पडून होती. काल लाल पेन घेतला, अकराव्या पानावरची माझी खूण खोडली आणि समासात लिहिलं: दादा, इथं वाट नाई. तुले तवाच सांगाले पायजे होतं.